माझ्याशिवाय हळद नाही

सिंगापूरच्या बाहेर, नांगरावर
१४ एप्रिल २०२०

मेघाली,

फोन लावला की आई रडते आणि तिचं रडं थांबेपर्यंत नेट जातं. म्हणून हा मेल. जहाजावरून आठवड्यातून एकदा मेल सुटतात. तू आईला मोठ्यानं वाचून दाखव, आणि ती मध्येच उठून आळीत सांगायला निघाली तर तिला आधी खाली बसव.

मी ठणठणीत आहे. इंजिनरूममधल्या फिटरला आजारी पडायला सवड कुठे असते? जहाज नांगर टाकून उभं आहे आणि आम्हाला कुठलंच बंदर पाय ठेवू देत नाही. भाजीची होडी येते, खालचा माणूस दोराला टोपली बांधतो, आम्ही वर ओढतो. मग स्वयंपाकी बटाटे साबणानं धुतो. बटाट्याच्या भाजीला फेस येईल एक दिवस.

इथलं सरकार कडक. घराबाहेर पडलं तर दंड, आणि लोक ऐकतात. पण आपल्याकडून आणि बांगलादेशातून आलेल्या मजुरांना त्यांच्याच बराकीत कोंडलंय, एका खोलीत वीस-वीस जण. भिवंडीतल्या लूमवाल्यांच्या खोल्या आठव. होडीवाला तमिळ आहे, तो खालून ओरडून सांगत होता, त्याचा भाऊ आत आहे म्हणून.

माझं काँट्रॅक्ट ऑगस्टला संपतं. तुळशीचं लग्न झालं की तुझं. तोवर मी येतो. आणि नीट ऐक, माझ्याशिवाय तुझी हळद लावायची नाही. बाबा असते तर बोललो नसतो. आता भाऊ म्हण, बाप म्हण, मीच.

भूपेश


खारबाव
२० मे २०२०

ती. दादूस यांस,

(कागदावर तीर्थरूप. एरवी तू काय आहेस ते मला माहीत आहे.)

तुझी हळदीची ऑर्डर तुझ्या होणाऱ्या मेहुण्याला, जीवनला सांगितली. तो म्हणाला, "मी कुठं पळून चाललोय? टेम्पोला डिझेल न्हाय." त्याच्या कशेळीत गोडाऊनं बंद, म्हणून माझी तिथली स्कॅनिंगची ड्युटी बंद, भिवंडीत लूम बंद. रात्री इतकं शांत असतं की कुत्रीसुद्धा दचकून भुंकतात.

रस्त्यावर मात्र माणसंच माणसं. लूमवाले नाशिकच्या दिशेनं चालत निघालेत. एका बाईच्या डोक्यावर टेबलफॅन होता. विचारलं, गाँव में बिजली है क्या? तर हसली. गावानं तोंडाशी बांबू बांधलेत, बाहेरचा आत नको म्हणून. आईनं बांबूवरून भाकऱ्या दिल्या तर पोरं अंगावर आली. आई म्हणाली, "तुमच्या बापाच्या हलदीत मीच गायलंय, मना शिकवू नको." पळाली सगळी.

तुझ्या आईला घरात बसवणं सोपं नाही. आपल्यात भटजी नंतर, धवले म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण आधी, आणि गावाची धवलारीण ती. तिनं धवले गायल्याशिवाय नवऱ्याला तेल चढत नाही, नवरीला हळद लागत नाही. लग्नं बंद म्हटल्यावर ती भांडी घासताना धवले म्हणते आणि मागे साथ धरणारी राहीबाई तिच्या पडवीतून सूर देते. मधे अख्खी आळी. परवा कोन गावच्या एका लग्नात भटजीनं फोनवरून मंत्र सांगितले, तर आईनंही फोनवरून धवला म्हटला. मध्येच तिकडचा फोन बंद पडला. ही बया डोळे मिटून शेवटपर्यंत गात राहिली. मी हसून हसून मेले.

थाळ्या वाजवल्या तेव्हा म्हणत होती, मना वाटला कोनाचा लगीन लागला. आता विचारते, थाल्या वाजवून झाल्या, पुढं काय? कोणाकडे उत्तर असेल तर कळव.

मेघाली


सांतोस, ब्राझील
६ सप्टेंबर २०२०

मेघे,

काँट्रॅक्ट संपलं, मी नाही सुटलो. माझ्या जागी येणाऱ्याला व्हिसा नाही, मला उतरवून घेणारा देश नाही. कंपनी रोज "पुढच्या बंदरात" म्हणते. लहानपणी आई डॉक्टरकडे नेताना जिलेबी देते म्हणायची, तसं.

इथलं तर सगळंच उलटं आहे. सरकारच म्हणतं साधी सर्दी. माल चढवायला येणारे हमाल तोंड उघडं टाकून येतात, आम्हाला मिठी मारायला बघतात. आम्ही मास्क लावले की हसतात. त्यातला एक जण चार दिवस आला, पाचव्या दिवशी दिसला नाही. विचारलं तर बाकीच्यांनी आकाशाकडे बोट केलं. नंतर पुन्हा हसले. मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण जाणार कुठे.

आमचा बोसन, म्हणजे डेकवरचा मुकादम, फिलिपाईन्सचा आहे. त्याचा बाप गेल्या आठवड्यात वारला. घरच्यांनी मेल केला. तो छापलेला मेल वाचून त्यानं घडी घालून खिशात ठेवला आणि दोर गुंडाळायला गेला. रात्री मी त्याच्याजवळ बसलो.

आईला हे सांगू नकोस. तिला सांग भूपेश जाडा झालाय.

भूपेश


खारबाव
२२ नोव्हेंबर २०२०

दादूस,

जाडा झालास हे ऐकून आईनं देवाला नारळ फोडला.

आता महत्त्वाचं. आजार उतरलाय. गोडाऊन सुरू, मी परत स्कॅनिंगला जाते, निम्मे लूमवाले गावाहून आले. पन्नास माणसांत लग्न करायला परवानगी आहे आणि तुळशीचं लग्न लागलं की गावात रोज एक मांडव पडणार. जीवनची आई येऊन बसली होती. म्हणाली, पोरांचा उरकून टाकू, पुढचा कोनी बघलाय. विठूमामाही कोनहून आला होता, तोही तेच म्हणाला. आई म्हणाली, भूपेशला विचारा, घरातला कर्ता तो.

मला विचारशील तर उरकूया. फोनवर बघ हळद, आम्ही तुझ्या नावानं बोट लावू. पन्नास माणसांत जेवणाचा घोटाळा पण कमी. पण तू म्हणशील तसं. बोल लवकर.

मेघाली


हॅम्बुर्ग, जर्मनी
१८ डिसेंबर २०२०

मेघाली,

उत्तराला उशीर झाला, कारण मला वाटलं होतं उत्तर घेऊन मीच येईन. बॅग भरली होती. तिकीट होतं. आजाराचा नवा प्रकार निघाला म्हणून परत सगळं बंद व्हायला लागलंय आणि माझ्या बदल्यातला माणूस आलाच नाही. बॅग उघडली तेव्हा आईसाठी घेतलेल्या शालीला इंजिनऑइलचा वास लागलेला.

नाही. थांबा. फोनवर हळद बघायला मी काय शेजारी आहे? कंपनीनं मार्चचा शब्द दिलाय. एप्रिलची तारीख धरा. जीवनला सांग, वर्षभर थांबला, अजून चार महिने थांबला तर म्हातारा होत नाही.

दुसरं, आईसाठी. हे तिला समोर बसवून वाच. इथे एक बाई खलाशांसाठी नाताळच्या पिशव्या घेऊन जिन्याच्या पायथ्याशी येते. दरवर्षी म्हणे तिच्या चर्चच्या बायका खाली उभ्या राहून गाणी म्हणतात. यंदा गप्प उभी होती. म्हणाली, सरकारनं चर्चमध्ये गायला बंदी केली आहे. नाताळातसुद्धा! गाताना तोंडातून वाफ सुटते, बंद खोलीत ती सगळ्यांच्या अंगात जाते. कुठल्याशा देशात गायला जमलेली अख्खी मंडळी आजारी पडली. ती बाई चिडलेली होती, पण गात नव्हती.

तर आई, तुला माझी शपथ आहे. मी येईपर्यंत कुणाच्या हळदीत गायचं नाही. कोण कितीही पाया पडलं तरी नाही.

भूपेश


खारबाव
१७ जानेवारी २०२१

दादूस,

वाचून दाखवलं. आईनं परत एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "गाना बंद करनारा ह्यो कंचा सरकार? दारूची दुकाना उघरली, गाना बंद?" मी म्हटलं आपलं नाही, जर्मनीचं. "मंग माज्या पोराचा शब्द हाय म्हनून ऐकते. जर्मनीचा काय संबंध?"

आणि ऐकते हं. संक्रांतीनंतरच्या तीन हळदींची बोलावणी आली, तिन्हीकडे नाही म्हणाली. लोक तोंडावर काही बोलत नाहीत, पण पाणी भरायला गेलं की आईचं नाव घेऊन बोललेलं ऐकू येतं. बायजाबाईला मोठेपणा आलाय म्हणे. शेजारची कमळाकाकू तर उघड बोलली, तिच्या लेकीचं, रुचिकाचं लग्न पण एप्रिलात आहे ना. "तू आमच्या हलदीत न्हाय आलीस, त तुज्या मेघालीच्या हलदीत बाया कंच्या आनशील? भाऱ्याच्या?" आपल्याकडचं तुला माहीत आहे. हळदीला हळद फेडावी लागते. आई रात्री जेवली नाही.

तारीख एप्रिलच्या शेवटची धरलीय. जीवनची आई रुसली, पण त्यानं समजावलं. तू आता आला नाहीस तर मी जहाजावर येऊन तुला कानाला धरून आणेन. खरं म्हणजे लग्नात जीवनचा कान पिळायचा मान तुझा आहे.

मेघाली


तौरांगा, न्यूझीलंड
११ फेब्रुवारी २०२१

मेघे,

आज मन इतकं बरं आहे की वॉच, म्हणजे पाळी, संपल्याबरोबर लिहायला बसलो.

इथं लाकडाचे ओंडके चढवतायत. आम्हाला खाली उतरू देत नाहीत, जिन्याशी पहारा आहे. पण धक्क्यापलीकडे हिरवं मैदान दिसतं. शनिवारी तिथं माणसं जमली. शेकडो! मास्क नाही, अंतर नाही, पोरं खांद्यावर, म्हाताऱ्या खुर्च्यांवर. आणि सगळे मिळून गायला लागले. आम्ही डेकवर कठड्याला टेकून उभे होतो. बोसननं टोपी काढली. वर्षभरात मी माणसांचं गाणं ऐकलं नव्हतं, इंजिनच ऐकत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सांगायला लाज वाटत नाही.

इथं आजार संपलाच आहे जवळजवळ. त्यांनी सुरुवातीलाच दारं लावून घेतली, म्हणून तर आम्हाला उतरू देत नाहीत. पण आतले मोकळे.

आईला सांग, गाणं सुटलं गं बये! सगळ्या जगात सुटणार आता. मी येतोय, तुझा आवाज तयार ठेव.

भूपेश


खारबाव
२१ मार्च २०२१

दादूस,

तुझं पत्र आईनं माझ्याकडून इतक्यांदा वाचून घेतलं की मला पाठ झालं. "गाणं सुटलं" इथं आलं की टाळी वाजवते. राहीबाईला सांगितलं, कमळाकाकूला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. कमळाकाकू आता रोज येऊन बसते, लाडू आणते. आई दिवसभर गुणगुणत असते. घरात परत माणूस राहायला आल्यासारखं वाटतं.

आकडे परत वाढतायत म्हणतात. कंपनीनं मार्चचा शब्द परत पुढे ढकलला ना? तू लवकर ये.

मेघाली


खारबाव
११ मे २०२१

दादूस,

हा मेल कप्तानाच्या समोर बसून वाच. एकटा वाचू नकोस.

आई गेली. शुक्रवारी दुपारी.

आधी ताप आला, मग जेवणाचा वास येईना. मी तुला कळवलं नाही, कारण रोज वाटायचं उद्या उतरेल. मग बोलताना दम लागायला लागला. जीवननं टेम्पोत गादी टाकून तिला भिवंडीला नेलं. दोन ठिकाणी गेटवरूनच परत पाठवलं, ऑक्सिजन नाही म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी वऱ्हांड्यात जागा मिळाली. सिलिंडर दोघींत एक होता. मला पायरीच्या वर जाऊ देत नव्हते. खिडकीतून दिसायची. मास्कखाली ओठ हलायचे आणि नर्स ओरडायची, "आजी, बोलू नका, दम वाया घालवू नका."

घरी आणू दिलं नाही. जीवन आणि विठूमामा स्मशानात लांब उभे होते. मला तेवढंही नाही. तिची आवडती साडी पिशवीत घालून दिली होती, नेसवली की नाही माहीत नाही.

लसीच्या रांगेत लागण झाली असणार. दोनदा उन्हात उभी होती, एकाला एक चिकटून माणसं, आणि लस संपली म्हणून परत पाठवलं. तेव्हाच झालं असेल.

लग्न अर्थातच थांबलं. राहीबाई पण गेली. तू जेवत जा.

मेघाली


समुद्रात
१९ मे २०२१

मेघाली,

छापलेला मेल वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि कामावर गेलो. तेव्हा मला कळलं बोसननं तसं का केलं होतं. रात्री तो येऊन बसला.

पण मी गप्प बसणार नाही. रांगेत मारलं माझ्या आईला! अर्ध्या जगाला लस बनवून देणारा देश, आणि माझ्या आईला उन्हात उभी करून रिकाम्या हातानं घरी पाठवतात. मी डोळ्यांनी बघितलंय, मेघे. कुठे सरकारनं दारं लावली, कुठे गाणं बंद केलं, कुठे निदान आधी सांगितलं. आपल्याकडे थाळ्या वाजवल्या आणि सभा घेतल्या. मी तक्रार करणार. रांग कुठली, तारीख कुठली, कोण होतं तिथे, सगळं लिहून पाठव. एकेकाला कोर्टात उभं करतो. माझी आई घराबाहेर पडत नव्हती, वर्षभर गायली नाही, माझ्या शब्दासाठी. तिला रांगेत मारली ह्यांनी.

तारीख पाठव. विसरू नकोस.

भूपेश


घर, खारबाव
२ जुलै २०२१

मेघाली,

कोचीनला उतरवलं, तिथून विमानानं मुंबई. काल संध्याकाळी घरी आलो. गावानं परत बांबू टाकलाय. चौदा दिवस घरातच राहायचं आणि तू कोनला मामाकडे, ही त्यांची अट तुला माहीत आहेच. दीड वर्ष समुद्रावर होतो, आता तू दोन गावं सोडून आहेस आणि मी तुला लिहितोय. फोन हातात घेतला होता. हे फोनवर बोलता येणार नाही.

तारीख तू पाठवली नाहीस. तीन मेलमध्ये विचारली, तीनदा तू दुसरंच काही लिहिलंस. आज कळलं का ते.

सकाळी कमळाकाकू कुंपणाच्या गडग्यावर भाकरीचा डबा ठेवायला आली. उभं राहवत नाही तिला, चार शब्द बोलली की धाप लागते. तिथंच दगडावर बसून रडली. म्हणाली, "तुज्या पत्रानं कवरी खूश झालती रे तुजी आई. आलीभर सांगत सुटली, भूपेशनी लिवलाय, गाना सुटला. मंग मीच बोलवली तिला रुचिकाच्या हलदीला. बँजो न्हाय, डीजे न्हाय, नुसत्या बाया. पोलिसांना आवाज जाव नको म्हनून दारं-खिरक्या लावून घेतल्या. काय गायली, पोरा! अशी कवा गायली नव्हती." मला बरं वाटावं म्हणून सांगत होती. तिला वाटतं आईचा शेवटचा आनंद मी दिला.

काकूच्या त्या खोलीची खिडकी मला गडग्यावरून दिसते. लहान खोली आहे. पंखाही नाही.

म्हणजे रांग नव्हती. मी किती शिव्या घातल्या, कुणाकुणाला. त्यातल्या बऱ्याच खऱ्याही असतील. पण जर्मनीचं मी शपथ घालून लिहिलं आणि न्यूझीलंडचं मजेत लिहिलं, आणि आईला दोन्ही माझाच शब्द. कुठल्या देशात काय चाललंय याच्याशी तिला काय करायचं होतं? आणि नोव्हेंबरात तू म्हणत होतीस तसं उरकलं असतं तर ती एप्रिलात लेकीच्या हळदीला बाया जमवायला गेलीच नसती.

तू का लपवलंस? मला खरं सांग. आणि मला राग येत असेल तुझा असं समजू नकोस. मला कुणाचा राग धरायचा तेच कळत नाही.

आईची शाल आणली आहे. कुठे ठेवू?

भूपेश


कोन
५ जुलै २०२१

दादूस,

लपवलं, कारण तू समुद्रावर होतास. तूच लिहायचास, रात्री एकटा कठड्याला टेकून पाण्याकडे बघत उभा राहतो म्हणून. मी इथं झोपायची नाही. मला दोघंही घालवायचे नव्हते. रांग सुचली, रांग लिहिली. सरकारला शिव्या घालणारा भाऊ मला चालणार होता.

तू लिहिलंस, ते मी वाचलं. "त्यांनी दारं लावून घेतली" हेही वाचलं, पण तोवर आई उठून राहीबाईकडे गेलेली असायची. दर वेळी. मला वाटायचं जाऊ दे, किती दिवसांनी हसतेय. रुचिकाच्या हळदीला तिच्या पदराला पिन मी लावली. खिडक्या लावायला मीही उठले होते, माझ्या हाताशी होती ती मी लावली. तेव्हा आता एकट्यानं सगळं डोक्यावर घेऊन बसू नकोस, तुला मोठेपणाची सवय आहे.

कमळाकाकूला काही बोलू नकोस. रुचिकाचे सासरे पण गेले. ती भाकरी देईल ती खा.

शाल आईच्या पेटीवर ठेव.

आता माझं ऐक. जीवनच्या घरचे म्हणतात, वर्षाच्या आत उरका, नाहीतर फार लांबेल. तुझे चौदा दिवस झाले की मी घरी येते. पावसात कोण लग्न करतं म्हणतील, म्हणू दे. हळद मीच कुटणार आहे. तू, मी, जीवन, विठूमामा, बस्स. धवला कोण म्हणणार ते विचारू नकोस. म्हणणारं कुणी राहिलं नाही. नुसती हळद लावू. खिडक्या सगळ्या उघड्या ठेवायच्या, पाऊस आत आला तरी.

तू म्हणाला होतास, माझ्याशिवाय हळद लावायची नाही. नाही लावली, दादूस.

मेघाली